रविवारचं कोर्ट

यमुने,

त्या दिवशी सकाळी तुझ्या घरातून रडण्याचा आवाज आला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता आला ते सांगितल्याशिवाय मला पुढं लिहिता येणार नाही. ‘गेली बिचारी’ हा नव्हता. ‘ही जाताना माझ्याबद्दल कुणाला काही बोलून तर गेली नसेल?’ हा होता. मग रडू आलं, पुष्कळ आलं, पण ते दुसऱ्या नंबरावर. सात वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या मैत्रिणीसाठी हे शोभत नाही, मला कळतं. पण तू माझा स्वभाव ओळखून होतीस. “या मॅडमले पान्याचा गिलास देल्ला तं थे आंधी त्याच्या बुडाशी पाह्यते,” असं तू माझ्यादेखत माझ्याच पाहुण्यांना सांगायचीस.

हा संशय मी जन्माला येताना सोबत आणला नव्हता. तो मला नोकरीत मिळाला. अकोल्याकडच्या एका खेड्यात मी शाळेवर होते. चौथीतली एक पोरगी वर्गातच तापानं फणफणली. तिचा बाप येईपर्यंत मी तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले आणि मनातल्या मनात प्रार्थना केली. ओठ जरा हलले असतील. पंधरा दिवसांनी वरती निनावी अर्ज गेला, की बाई मुलांना आपल्या धर्मात ओढतात. चौकशी झाली, निघालं काहीच नाही, बदली तेवढी झाली. अर्ज कुणी केला ते मला आजवर कळलेलं नाही. त्यामुळं माझ्यापुरतं असं झालं, की तो सगळ्यांनीच केला.

निवृत्त झाल्यावर अमरावतीत वलगाव रोडला तुझ्या शेजारचं घर घेतलं ते यासाठीच, की इथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. निर्मला हे नाव कुणाचंही असतं. त्यात कपाळाला टिकली लावली की झालं. बायबलला मी ब्राउन पेपरचं कव्हर घातलं आणि वर लेबल चिकटवलं, ‘इयत्ता सातवी, भूगोल’. घरापासून दहा मिनिटांवर चर्च होतं, पण तिथं मी कधी पाऊल टाकलं नाही. दर रविवारी सकाळची एसटी धरून अकोल्याला उपासनेला जायचे, आमच्या जुन्या मंडळीत. बडनेरा मागं पडलं की टिकली काढून खिडकीच्या गजाला चिकटवायची. परत येताना नवी. अमरावती–अकोला गाड्यांच्या खिडक्यांवर माझ्या किती टिकल्या असतील, देव जाणे.

आणि तू मात्र दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून जगणारी बाई. वलगावातल्या तुमच्या वावरातली शेवंती, झेंडू सकाळी घरी यायचा आणि तू ओसरीत बसून हार ओवायचीस. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाक. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सोयरीक मोडली, सगळं तुला ठाऊक. इतकी माहिती असलेल्या बाईचा मला धसकाच होता. तू चहाचं विचारलंस तरी मी आधी ‘कशाला?’ असं मनात म्हणायचे आणि मग ‘हो’ म्हणायचे.

एका शुक्रवारी तू अशीच ओवत बसली होतीस आणि मी माझ्या ओट्यावर फोनवर बोलत होते. अकोल्याच्या चर्चचे आमचे पाळकसाहेब माझ्या मागेच लागले होते. आमच्या मंडळीत उभं राहून, प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते चार माणसांसमोर सांगायचं, याला साक्ष देणं म्हणतात. मी वर्षानुवर्षं टाळत आले होते. त्या दिवशी शेवटी कंटाळून म्हटलं, “बरं साहेब, देते साक्ष, या रविवारी देते.” फोन ठेवला आणि पाहिलं, तर तुझी सुई थांबलेली.

“कोनाच्या केसमंदी वं?” तू विचारलंस.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि खरं सांगते यमुने, मला इतकं हायसं वाटलं! म्हटलं, “आहे एक. जमिनीची. अकोल्याला.”

तू हार खाली ठेवलास. उठून माझ्या ओट्यावर येऊन बसलीस. “घाबरू नोको,” म्हणालीस. “मी देल्ली हाये साक्ष.” आणि मग ती फाट्यावरची गोष्ट. तुझ्या फुलांच्या टोपलीसमोर ट्रकनं एका सायकलवाल्याला उडवलं होतं. पोलीस आले तेव्हा सगळे पांगले, तू एकटी बसून राहिलीस. कोर्टात वकिलानं तुला विचारलं, बाई, तुम्ही तर खाली मान घालून हार ओवत होत्या, मग ट्रक कसा दिसला? तू म्हणालीस, “हात ओवते साहेब, डोये कायले ओवते?” हे सांगताना तू स्वतःच एवढी हसलीस की पदरातली फुलं सांडली.

“आयक,” तू मला समजावलंस, “पाहेलं तेवढंच सांगाचं. आयकेलं सांगतलं का वकील धरते. आन् आवाज खाली नाई जाऊ द्याचा. खरं बोलनाऱ्याचा आवाज बसला का थो खोटा वाट्टे.” वर म्हणालीस, “एकली जाऊ नोको. मी येतो तुह्यासंग.” तुला नको नको म्हणताना माझी पुरेवाट झाली.

त्या रविवारी अकोल्यात मी तुझंच ऐकलं. आमच्यात साक्ष देताना पुष्कळ जण ऐकीव सांगतात, कुणाचा कुठला चमत्कार, कुणाच्या मावसभावाचं दुखणं. मी पाहिलं तेवढंच सांगितलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. एक म्हातारे गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. परत आले तर तू दारातच.

“झाली का साक्ष?”

“झाली.”

“फिरवलं का वकिलानं?”

“नाही.”

“मंग जितलो आपन,” तू म्हणालीस. त्यातला ‘आपन’ मी नेमका ऐकला. पण खरं सांगावं असं काही वाटलं नाही. उलट पुढच्या प्रत्येक रविवारची सोय झाली. तू विचारायचीस, “आज बी साक्ष?” आणि मी म्हणायचे, “तारीख पडली.” आपल्याकडं केस वर्षानुवर्षं चालते, हे माझ्या पथ्यावर पडलं.

तुला खरं काय ते कळलं असावं, असा पहिला धक्का मला शिऱ्यानं दिला. तुझ्याकडच्या पूजेचा प्रसाद तू न चुकता द्यायचीस. आमच्या घरात तो खायची रीत नाही. मी गोड तोंडानं घ्यायचे आणि मागच्या दारानं गल्लीतल्या गाईला घालायचे. एका संकष्टीला तू वाटी घेऊन आलीस आणि म्हणालीस, “हे देवापुढं ठेवाच्या आंधीच काढलं. तुह्यासाठी.”

“काहून?” मी विचारलं.

“थे गाय लय लठ्ठ होऊन राहिली म्हनून.”

दुसरी कुणी असती तर तुझ्या गळ्यात पडली असती. मी काय केलं? दार लावलं आणि आठ दिवस नवीन घर शोधलं. हिला कळलंय, म्हणजे हिच्या नवऱ्याला, वसंतभाऊंना कळलंय, म्हणजे सगळ्या गल्लीला कळलंय! तुझे वसंतभाऊ मंदिराच्या कमिटीवर. एकदा ओसरीत चारचौघांत त्यांना बोलताना मी ऐकलं होतं, “आजकाल लोकं घरोघरी फिरून धरम बदलवून राहिले. ध्यान ठेवा लागते.” तेव्हापासून त्यांच्या चपला तुझ्या दारात दिसल्या की मी आत यायचे नाही. पण आठ दिवस गेले, महिना गेला, कुणी काही बोललं नाही. शिरा मात्र वेगळ्या वाटीत येत राहिला. तो मी खायचे. फार चांगला करायचीस.

आपलं खरं भांडण झालं ते सुनीतावरून. तुझी एकुलती एक लेक स्वतःच्या मनानं लग्न करून अकोल्याला निघून गेली, आणि तुझ्या उघड्या दारांतलं एक दार बंद झालं. तिचं नाव काढलं की तुझ्या हातातला दोरा तुटायचा. मी दर रविवारी अकोल्याला जाणारी. म्हटलं, तिचा पत्ता दे, बघून येते. नाहीतर एक फोन तरी कर. तू माझ्यावर केवढी उखडलीस!

“तुले काय जाते सांगाले? तुह्या मनात कधी असा राग आला का? का त्या मानसाचं तोंड पाह्यलं का अंगाची आग व्हते, असा?”

मी म्हटलं, “नाही.”

यमुने, ते धडधडीत खोटं होतं. कोर्टाच्या केसपेक्षा मोठं खोटं ते. कारण मला आला होता तसा राग, अकरा वर्षं आला होता. आणि तो कसा गेला, हीच माझी साक्ष होती. अकोल्यात मी तेच सांगितलं होतं.

तुला ठाऊक होतं की माझा नवरा वारला. तो कसा होता ते ठाऊक नव्हतं. तो प्यायचा आणि मारायचा. माझ्या डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट वाकडं आहे, ते दारात सापडलं असं मी तुला सांगितलं होतं. ते दारात सापडलं नव्हतं. मग त्याच्या लिव्हरनं जवाब दिला आणि तो अकोल्याच्या दवाखान्यात पडला. मी डबा घेऊन जायचे, पण मनात एकच, की हा लवकर मरो. चर्चमध्ये बसूनसुद्धा तेच. एका दुपारी त्याला मऊ भात भरवत होते, घास गळ्याखाली उतरत नव्हता, आणि तो माझ्याकडं भ्यालेल्या जनावरासारखा पाहत होता. मी मनात म्हटलं, येशू, मला याला माफ करता येत नाही, तू कर, आणि मला दाखव कसं करतोस ते. एवढंच म्हटलं. दुसरा घास उचलला आणि पाहिलं, तर आग नव्हती. शोधली, तरी सापडेना. त्याचं तोंड पुसताना माझा हात नीट चालला, जोर न करता. नवरा बरा झाला नाही. बारा दिवसांनी गेला. पण ते बारा दिवस मी त्याच्याजवळ बायकोसारखी बसले. माझ्या येशूनं माझ्यासाठी काय केलं असं कुणी विचारलं, तर मी पाहिलेलं हे एवढं आहे.

हे मी पन्नास माणसांसमोर सांगितलं होतं. ज्यांचा आधीच विश्वास आहे त्यांच्यासमोर सांगायला कसलं आलंय धैर्य? ज्या एका बाईला ते पाहिजे होतं, तिच्यासमोर ओट्यावर बसून मी ‘नाही’ म्हटलं.

मग तुझं दुखणं निघालं. पोटात गाठ, मग दवाखाना, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तुझी खाट पुढच्या खोलीत आणली. एका दुपारी तुझ्याजवळ मी एकटीच होते. आतल्या खोलीत कुणीतरी वावरत होतं आणि दारात वसंतभाऊंच्या चपला होत्या. तुझ्या उशाशी फोन पालथा पडला होता. हे सगळं मी आल्याबरोबर टिपलं. तुझा चेहरा नंतर पाहिला.

तू म्हणालीस, “राग जात नाई वं माह्या मनातला. शरीर गेलं, थो नाई जाऊन राहिला.” थोडा दम घेतलास. मग माझा हात धरून म्हणालीस, “थ्या तुह्या साक्षीत तू काय सांगते? मले सांग ना.”

सगळं माझ्या जिभेवर होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. पण माझी नजर त्या पालथ्या फोनवर गेली, रेकॉर्डिंग चालू असलं तर? मग चपलांवर गेली. हिला कुणी विचारायला लावलं? आतल्या खोलीतला आवाज का थांबला? मरणाच्या दारात असलेल्या बाईजवळ बसून धर्म सांगितला, असं उद्या कुणी म्हटलं तर? उद्याची बातमीसुद्धा मी मनात वाचून टाकली.

मी म्हटलं, “केस मिटली, यमुने.”

“मिटली?”

“हो. आपसात मिटली.”

“बरं झालं,” तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस. माझा हात सोडला नाहीस. मी तो पाच मिनिटांनी हळूच काढून घेतला आणि घरी आले. आठव्या दिवशी तू गेलीस.

सुनीता आली होती. फाटकाशी उभी राहिली, तोंडात पदर कोंबून. तिला आत कुणी बोलावलं नाही, आणि तुला घेऊन गेले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला सरकून उभी राहिली. तेरवीलाही आली, तशीच बाहेरून गेली. मी जेवणाच्या पंगतीत बसून हे पाहत होते. शेजारीण आहे मी, माझा काय अधिकार, असं स्वतःला सांगत भाजी वाढून घेतली.

काल संध्याकाळी वसंतभाऊ माझ्या दारात आले. सात वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांना आत या म्हटलं नाही. आधी त्यांच्यामागं कोण आहे ते पाहिलं. कुणीच नव्हतं.

“मॅडम,” ते म्हणाले, “एक इचाराचं होतं. यमुना मले सांगे, तुमी रविवारी अकोल्याले साक्ष द्याले जाता. मी म्हनलं, रविवारी कोन्तं कोर्ट उघडं अस्ते? तं माह्यावर खेकसली. म्हने, अकोल्याचं अस्ते.”

यमुने, मी सात वर्षं सगळ्या बाजूंनी पहारा दिला. रविवारी कोर्ट बंद असतं हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. तुझ्या मात्र पहिल्याच रविवारी आलं असणार. आणि तू गल्लीला, कमिटीला, स्वतःच्या नवऱ्याला ठणकावून सांगत राहिलीस की अकोल्याचं कोर्ट रविवारी उघडं असतं. मी तुला पाळतीवरची बाई समजत होते. तू माझ्यासाठी पहारा देत होतीस.

मग मी त्यांना आत बोलावलं. ते खुर्चीच्या टोकावर बसले.

“जायच्या आंधी म्हने,” ते खाली पाहत बोलले, “मॅडम तिथं काय सांगते थे तुमी इचारून घ्या. मले तं सांगतलं नाई. पन तुमाले बी लागन. सुनीता आलती. तिले पाह्यलं का माह्यं डोकं फिरते. म्हनून आलो.”

त्यांच्या खिशात फोन होता. तो मला दिसला, नाही दिसला असं म्हणणार नाही. हा माणूस इथून उठून लेकीला फोन करील की माझी तक्रार, हे मला कळत नव्हतं, आता लिहितानाही कळत नाही. पण म्हटलं, आता आणखी कुणाच्या मरणाची वाट पाहू? मी कपाळाची टिकली काढली, टेबलावर ठेवली आणि त्यांना सांगितलं, “वसंतभाऊ, मी ख्रिस्ती आहे. रविवारी चर्चमध्ये जाते.” मग वाकडं बोट दाखवलं. नवऱ्याचं सांगितलं, मऊ भाताचं सांगितलं, येशूला काय म्हटलं ते नाव घेऊन सांगितलं, आणि आग शोधली तरी सापडली नाही ते सांगितलं. तुम्ही असं करा, तसं करा, असं काही म्हटलं नाही. माझं सांगून झालं.

ते माझ्या बोटाकडं पाहत होते.

“एवढंच?” म्हणाले.

“एवढंच.”

ते उठले. दारापर्यंत गेले आणि तिथं वळले. रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

“शेवटचे आठ दिवस थे झोपली नाई, मॅडम,” ते म्हणाले. “सुनीताचं नाव घे नाई, पन डोया लावे नाई. एवढंच होतं तं तिले काहून नाई सांगतलं?”

माझ्याजवळ उत्तर होतं. मला तुमची भीती वाटत होती, असं मी म्हणू शकले असते, आणि ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. माझा तुझ्यावर विश्वास नव्हता, यमुने. देवावर आहे असं अकोल्यात उभं राहून सांगत होते, आणि शिऱ्याची वाटी वेगळी काढणाऱ्या बाईवर नव्हता.

वसंतभाऊ पायऱ्या उतरून गेले. सांगितलं मी त्यांना. विचारलं होतंस तू.